नाव नसलेली मिनीबाइक कुणाची? फ्रेमवरून कारखाना शोधण्याची रीत

ओहायोत उन्हाळा लागला की दर शनिवारी गल्लोगल्ली गराज सेल लागतात, आणि दहातल्या एखाद्या दारात एक मिनीबाइक उभी असते. मांडीएवढी उंची, लॉनमोअरला असतं तसलं इंजिन, गिअर नाहीत, टाकीवरचं स्टिकर कधीच गळून गेलेलं, वर घरगुती लाल रंगाचे दोन-तीन थर. विकणारा एका जुन्या मिनीबाइक कंपनीचं नाव घेऊन ठामपणे सांगतो, "रप आहे ही."

तीन वर्षांपूर्वी मी कोलंबसजवळ अशीच एक घेतली. रपचा कारखाना मॅन्सफील्डला होता, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे शंका घ्यावी असं काही वाटलं नाही. आठ महिने मी तिला रपच समजत होतो. रपची म्हणून एक जुनी सीट मागवली, ती बसेना. फोर्क (सायकलवाल्याकडे आपण ज्याला चिमटा म्हणतो तो) जुळवून पाहिला, तोही जुळेना. मग सगळं बाजूला ठेवून पहिल्यापासून तपास केला. ते आठ महिने तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण हल्ली मुलांबरोबर गराजमध्ये असली कामं काढतात, हे मला माहीत आहे.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. मिनीबाइकची लाट १९६० च्या दशकात आली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. त्या काळातले बहुतेक कारखाने फक्त फ्रेम बनवत. इंजिन, क्लच, चाकं, टायर, चेन हे सगळं बाहेरून विकत घेत. म्हणजे गाडीवर जिथे जिथे छापलेलं नाव दिसतं, ते बहुतेक वेळा सुटा भाग बनवणाऱ्याचं असतं. गाडी बनवणाऱ्याची सही असते ती फ्रेमवर, आणि ती अक्षरांत नसते, मापांत असते.

काय काय जवळ ठेवावं

- व्हर्निअर कॅलिपर, इंच आणि मिलिमीटर दोन्ही दाखवणारा
- थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी), दोन्ही पद्धतींचा
- पोलादी पट्टी, मोजटेप, टॉर्च, छोटा आरसा
- रॉकेलसारखं सॉल्व्हंट, नायलॉनचा ब्रश, ४०० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर
- पातळ कागद, मऊ पेन्सिल, पांढरा खडू
- एक वही. फोनमधली नोंद नको. तेलकट हातांनी वहीच बरी पडते.

कागदपत्रांत विक्री-पावती हवी: तारीख, रक्कम, विकणाऱ्याची सही, आणि फ्रेमवर नंबर असेल तर तोही. मालकीची कागदपत्रं कोणती लागतात याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, तेव्हा गाडी घरी आणण्याआधी तुमच्या राज्याचे नियम पाहून घ्या. जुना मालक हयात असेल तर गाडी कुठून आली, कोणत्या दुकानातून, कोणत्या साली, हे त्याच दिवशी विचारून लिहून ठेवा. मी विचारलं नव्हतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

१. धुण्याआधी फोटो, घासण्याआधी विचार

गाडी जशी आली तशी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कॅमेरा चाकाच्या आसाइतक्या उंचीवर आणि गाडीला काटकोनात धरा. वरून काढलेल्या फोटोत फ्रेमचे कोन खोटे दिसतात. मग फोर्कचं डोकं, मानेचा (हँडलचा दांडा जिथे फ्रेममध्ये फिरतो तिथला) सांधा, इंजिनाखालची प्लेट खालून, मागच्या आसाची खाच, स्टँडचा कान (फ्रेमला वेल्ड केलेली छोटी पट्टी), पायदानं, सीट उलटी करून, ब्रेकची जोडणी. प्रत्येक फोटोत पोलादी पट्टी ठेवा.

ग्राइंडर आणि वायरव्हील लावू नका. अमेरिकेत घरगुती रंगांमधल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासलं की ती धूळ श्वासात जाते, आणि लहान मुलांना तिचा धोका सगळ्यात जास्त. पाणी लावून घासा, मास्क घाला, मुलांना लांब ठेवा. आणखी एक नुकसान म्हणजे ग्राइंडरखाली उथळ ठोकलेला नंबर कायमचा जातो. मूळ रंग बहुतेक वेळा सीटखाली, मानेच्या नळीच्या आत किंवा इंजिन प्लेटच्या पोटाशी शिल्लक असतो. तो सापडला की त्याचा फोटो काढा आणि तेवढी जागा तशीच राहू द्या.

२. नंबर शोधा

मानेची नळी, इंजिन प्लेटची कड, मागच्या आसाच्या पट्ट्या, सीटखालची आडवी नळी. ठोकलेला नंबर असेल तर तो बहुधा या चार ठिकाणी. अक्षर पुसट असेल तर खडू चोळून वरवर पुसा. खड्ड्यात पांढरं राहतं. त्यानेही भागलं नाही तर लहानपणी वहीच्या पानाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासायचो, तसंच करा. डोळ्यांना न दिसणारा आकडा कागदावर उमटतो.

नंबर १७ अक्षरांचा असेल तर शोध तिथेच संपला: ती पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलांपासून आली, म्हणजे तुमच्या हातात नव्या जमान्यातली गाडी आहे. गेल्या वीसेक वर्षांत जुन्या धाटणीच्या मिनीबाइक पुन्हा बाजारात आल्या आहेत आणि चार हिवाळे उघड्यावर काढले की त्याही पन्नास वर्षांच्या दिसतात. गंजावरून वय ठरवू नका.

नंबर छोटा असेल, चार-सहा आकड्यांचा, तर उतरवून घ्या. तेवढ्यावरून नाव कळत नाही, पण पुढे उपयोगी पडतो. नंबर नसेलच तरी निराश होऊ नका.

३. इंजिन वाचा, पण त्याला फक्त साक्षीदार माना

इथे बहुतेक लोक चुकतात. इंजिनावर "ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन" दिसलं की गाडी ब्रिग्जची म्हणून मोकळे होतात. ब्रिग्ज ही मिलवॉकीची इंजिन बनवणारी कंपनी. तिचं इंजिन शेकडो प्रकारच्या यंत्रांवर बसलेलं असतं.

तरी इंजिनाचे नंबर तारीख देतात, म्हणून ते वाचायला शिका. ब्रिग्जच्या पंख्यावरच्या पत्र्यात तीन गट ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. कोडचे पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन दिवस. ६९०५१२ ने सुरू होणारा कोड म्हणजे १२ मे १९६९. मॉडेलच्या सुरुवातीचा एक किंवा दोन आकडे घनइंचांत क्षमता सांगतात: ८०२०२ म्हणजे ८ घनइंच, साधारण १३१ सीसी, ३ अश्वशक्तीचं इंजिन. १३ ने सुरू होणारं मॉडेल १३ घनइंचांचं, साधारण २१३ सीसी, म्हणजे ५ अश्वशक्तीचं.

इंजिन टेकम्से या दुसऱ्या कंपनीचं असेल तर एच३५, एचएस४० असे शिक्के दिसतील, ३.५ आणि ४ अश्वशक्ती. त्याच्या सीरियलचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन आकडे म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ८२३४ म्हणजे आठच्या वर्षातला २३४ वा दिवस. आठ म्हणजे १९६८ की १९७८, हे मात्र इंजिन सांगत नाही. ते बाकीच्या गाडीवरून ठरवावं लागतं.

यात दोन फसगती आहेत. पहिली, हे नंबर बऱ्याचदा वरच्या पत्र्यावर असतात, आणि पत्रा चार बोल्ट काढले की बदलता येतो. वाकलेला पत्रा काढून दुसऱ्या इंजिनाचा लावलेला मी स्वतः पाहिला आहे. दुसरी, १४३ आणि मग टिंब अशी सुरुवात असलेला नंबर. तो सिअर्स दुकानांचा नंबर आहे हे बरोबर, पण १४३ हा त्यांच्या यादीत टेकम्सेचा संकेत होता. त्यावरून एवढंच कळतं की इंजिन टेकम्सेने बनवलं आणि सिअर्समार्फत विकलं गेलं. ते एखाद्या बर्फ उडवणाऱ्या यंत्रावरून काढून तुमच्या गाडीवर बसवलेलं असू शकतं.

क्लिंटन इंजिन असेल तर ते आयोवातल्या मकोकेटाचं. चकचकीत २१२ सीसीचं प्रेडेटर नावाचं नवं इंजिन असेल तर ते अलीकडे कुणीतरी बसवलेलं; त्यावर वेळ घालवू नका.

इंजिनाची तारीख आणि फ्रेमची तारीख जुळलीच पाहिजे असं नाही. मात्र इंजिन प्लेटवर एकाच इंजिनाची चार भोकं स्वच्छ असतील आणि आजूबाजूला जादा भोकं, वाढवलेल्या खाचा नसतील, तर इंजिन मूळचं असण्याची शक्यता बरीच.

४. चाकं, क्लच, चेन

हे पटकन उरकता येतं, कारण हे सगळं बाजारात मिळणारं सामान होतं. क्लचच्या ड्रमवर मर्क्युरी दिसेल, तो ओहायोच्याच कँटनचा. हिलिअर्ड दिसेल, तो न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराचा. चाकांवर अझुसा दिसेल, तो कॅलिफोर्नियातला. टायरवर कार्लाइल दिसेल आणि त्यापुढे ४.१०/३.५०-६ अशी मापं, म्हणजे रिम ६ इंची. यातलं एकही नाव तुमच्या गाडीचं नाव नाही.

चेनचं माप मात्र लिहून ठेवा. पिनेपासून पिनेपर्यंत ९.५ मिमी भरलं तर ३५ नंबरची, १२.७ भरलं तर ४०, ४१ किंवा ४२० पैकी एक. ब्रेकही लिहा: टायरवर घासणारा आहे, ड्रमभोवती पट्टा आवळणारा आहे की डिस्क आहे. ब्रेकसाठी फ्रेमला वेल्ड केलेला कान कुठे आहे हे ब्रेकपेक्षा महत्त्वाचं, कारण ब्रेक बदलला तरी कान राहतो.

५. फ्रेम मोजा

आता घाई करू नका. या पायरीला एक अख्खा रविवार द्या.

पहिल्यांदा नळीचा बाहेरचा व्यास. रंग काढलेल्या तीन जागी मोजा आणि सरासरी घ्या. कारखान्यातल्या फ्रेमची नळी साधारणपणे ७/८ इंच, १ इंच किंवा १ १/८ इंच असते: व्हर्निअरवर २२.२, २५.४, २८.६. तुमचं माप २६.७ किंवा २१.३ आलं तर थांबा आणि पुन्हा मोजा.

माझं माप २६.७ आलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. एक इंची नळी थोडी जाड निघाली असेल असं वाटून मी ते सोडूनच देणार होतो. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात काकांच्या लेथवर घालवलेल्या सुट्ट्या आठवल्या. काका म्हणायचे, "पाऊण इंची पाइप कुठूनही मोज, पाऊण इंच भरणार नाही." पाण्याच्या पाइपाचं नाव एक आणि बाहेरचा व्यास दुसराच असतो. अमेरिकेतही तेच: पाऊण इंची पाइपाचा बाहेरचा व्यास २६.७ मिमी, अर्धा इंचीचा २१.३. पाऊण इंची विजेच्या वायरिंगची नळी असेल तर २३.४. म्हणजे माझी फ्रेम पाण्याच्या पाइपाची होती, आणि पाण्याच्या पाइपाची फ्रेम कुठला नावाजलेला कारखाना कशाला बनवेल?

हा प्रश्न तुम्हीही विचारा, कारण नाव नसलेल्या बऱ्याच मिनीबाइक मुळात कुठल्याच कंपनीच्या नसतात. त्या काळात पॉप्युलर मेकॅनिक्ससारख्या मासिकांत आराखडे छापून येत आणि वडील-मुलगे मिळून गाडी बनवत. किटही मिळत, मिशिगनच्या बेंटन हार्बरची हीथकिट कंपनी 'बूनी बाइक' सुट्या भागांत विकायची. किटमध्ये फ्रेम कारखान्याची आणि जोडणी घरची, म्हणून नटबोल्ट विचित्र दिसले तरी लगेच घरगुती म्हणू नका. निर्णय फ्रेमवरून करा.

कारखाना की घर, हे पुढच्या चार खुणांवरून कळतं.

भोकं: कारखान्यात प्लेटची भोकं प्रेसवर पाडतात. एका बाजूची कड किंचित गोलावलेली आणि दुसऱ्या बाजूला खरखरीत तुटलेली कड बोटाला लागते. ड्रिल केलेल्या भोकाच्या आत गोल ओरखडे दिसतात.

समानता: मानेपासून मागच्या आसाच्या डाव्या आणि उजव्या खाचेपर्यंत मोजा. साच्यात बसवून वेल्ड केलेल्या फ्रेममध्ये फरक नगण्य असतो. पाच-सात मिमी फरक असेल तर एक तर अपघात झालाय किंवा साचा नव्हता.

वेल्डिंग: कारखान्याचा टाका सगळ्या सांध्यांवर सारखा, एका हाताचा. पिवळसर सांधा म्हणजे पितळी झाळ. एकाच फ्रेमवर दोन तऱ्हेचे टाके असतील तर त्यातला एक नंतरच्या दुरुस्तीचा.

फ्रेमला वेल्ड केलेले नट: बोल्ट बदलतात, हे नट राहतात. त्यात थ्रेड गेज घाला. ५/१६ इंची आणि ८ मिमीचा बोल्ट डोळ्यांना जुळे भाऊ वाटतात, पण पहिल्याला इंचाला १८ आटे असतात आणि दुसऱ्याचा आटा १.२५ मिमीचा. मेट्रिक नट निघाले तर ती जुनी अमेरिकन फ्रेम असण्याची शक्यता फार कमी.

यानंतर कारखाना ओळखण्याची खरी मापं घ्या: दोन्ही आसांमधलं अंतर, मानेचा कोन, मानेच्या नळीची लांबी, इंजिन प्लेटची लांबी-रुंदी आणि खाचांमधलं अंतर, फोर्कच्या दोन पायांमधली रुंदी, स्टँडचा कान डावीकडे की मधोमध, पायदानं दुमडतात की पक्की, मागे सस्पेन्शन आहे की सरळ फ्रेमलाच आस. एका पानावर गाडीची रेघांची आकृती काढा आणि मापं तिच्यावरच लिहा. आकृती हाताने काढताना जे लक्षात येतं ते फोटोत येत नाही.

६. संशयितांची यादी करा

कारखान्याची फ्रेम आहे हे ठरलं की नावं घ्या. ओहायोच्या मॅन्सफील्डमध्ये रप होतं आणि स्पीडवेही होतं, म्हणून "मॅन्सफील्डची गाडी आहे" एवढ्यावर रप ठरत नाही. विस्कॉन्सिनमध्ये जेन्सव्हिलचं फॉक्स आणि प्लिमथचं गिल्सन, इंडियानात फोर्ट वेनचं मॅन्को, मिशिगनमध्ये लिल इंडियन, नेब्रास्कात बर्ड, मिनेसोटात थीफ रिव्हर फॉल्सचं आर्क्टिक कॅट, कॅलिफोर्नियात सॅन होझेचं बोनान्झा आणि अल्हॅम्ब्रातल्या स्टीन्सची टॅको. ही यादी पूर्ण नाही, पण सुरुवातीला पुरते.

याशिवाय सिअर्स, माँटगोमेरी वॉर्ड, वेस्टर्न ऑटो अशी दुकानं दुसऱ्यांनी बनवलेल्या गाड्या आपल्या नावाने विकत. म्हणून एकच फ्रेम दोन नावांनी सापडली तर गोंधळू नका. तुमच्या वहीत दोन रकाने ठेवा: बनवणारा कोण, विकणारा कोण.

होंडाची झेड५० वगैरे जपानी छोट्या गाड्या या तपासात येत नाहीत. त्यांचं इंजिन त्यांचंच आणि नंबर ठळक ठोकलेले.

७. जुनी छापील जाहिरात गाठा

आजच्या विक्रीच्या फोटोंवर विसंबू नका. तिथे एकाने चुकीचं नाव लिहिलं की पुढचे दहा जण तेच लिहितात. माझी गाडी रप आहे हे अशाच फोटोंनी मला आणखी पटवलं.

छापील पुरावा घ्या. बॉइज लाइफ या स्काउट मुलांच्या मासिकाचे जुने अंक गुगल बुक्सवर पानन् पान पाहता येतात. १९६८ ते १९७२ चे उन्हाळ्यातले आणि नाताळच्या आधीचे अंक चाळा. मिनीबाइकच्या जाहिराती आहेत. पॉप्युलर मेकॅनिक्सचे अंकही तिथेच आहेत. मोठ्या दुकानांचे नाताळचे कॅटलॉग स्कॅन झालेले आहेत. तुमच्या गावच्या वाचनालयाचं सभासदत्व असेल तर जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह बहुतेक फुकट मिळतो. त्यात हार्डवेअर दुकानांच्या जाहिराती शोधा. गाडी ज्या भागात सापडली तिथे ती विकली गेली असण्याची शक्यता जास्त, कारण छोट्या कारखान्यांचा माल फार लांब जात नसे.

फोर्क किंवा सस्पेन्शन काही वेगळंच असेल तर गुगल पेटंट्समध्ये शोधा. तिथल्या आकृतीत सांध्याचा आकार स्पष्ट दिसतो आणि वर नाव-गाव असतं.

८. माणसांना विचारा, वही घेऊन

ओहायोत लेक्सिंग्टनजवळ मिड-ओहायोच्या ट्रॅकवर दर उन्हाळ्यात जुन्या मोटरसायकलींचा मोठा मेळा भरतो. त्याचा सुट्या भागांचा बाजार फिरायला एक दिवस पुरत नाही. इंडियानातल्या पोर्टलंडला जुन्या छोट्या मोटरबाइकवाल्यांचा मेळावा होतो. तिथे जा, आणि "ही कुठली?" असं विचारू नका. तसं विचारलं की समोरचा पटकन एक नाव देतो. त्याऐवजी आकृती पुढे करून विचारा, "इंजिन प्लेटला अशा तिरक्या खाचा तुम्ही कुठल्या गाडीवर पाहिल्या आहेत?" उत्तर हळू येतं, पण कामाचं येतं. तशीच गाडी तिथे उभी असेल तर मालकाची परवानगी घेऊन तुमची पाच मापं तिच्यावर घ्या. या मंडळींना मोजणारा माणूस आवडतो. मला एका आजोबांनी स्वतःहून सीट काढून दाखवली.

९. निकाल लिहा

माझा नियम असा: फ्रेमची किमान तीन मापं आणि एक छापील चित्र जुळलं तर "खात्रीने". मापं जुळली पण चित्र नाही, तर "बहुधा". नुसतं कुणीतरी सांगितलं, तर काहीच नाही. नवी छापलेली स्टिकरं सहज विकत मिळतात. "बहुधा"च्या गाडीवर ती चिकटवू नका. पुढच्या माणसाला तुम्ही खोटा पुरावा देऊन जाल. मापांचा कागद पिशवीत घालून सीटखाली चिकटवा, तो खरा उपयोगी.

माझ्या गाडीचं सांगायचं राहिलं. इंजिन प्लेटच्या पोटाशी वॉटर पेपर फिरवताना रंगाखालून तीन बारीक ठिपके वर आले, एका भोकाच्या कडेला. सेंटर पंचाचे, म्हणजे ड्रिलआधी जागेची खूण ठोकायच्या टोकदार अवजाराचे. कुणीतरी भोक कुठे घ्यायचं ते आधी चुकीच्या जागी ठोकलं, मग थोडं सरकवलं, मग आणखी थोडं, आणि शेवटी त्यांच्या शेजारी ड्रिल लावलं. विकणाऱ्या बाईंना पुन्हा गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, गाडी त्यांच्या सासऱ्यांची, ते पाण्याच्या पाइपांची कामं करायचे, आणि बाकीचं ज्यांना माहीत होतं ते सगळे आता गेले.

वहीत "बनवणारा" या रकान्यात मी "घरी, पाइपफिटर" असं लिहिलं. फ्रेमला मूळचा सापडला तसाच हिरवा रंग दिला. प्लेटचा तो तळहाताएवढा भाग मात्र रंगवला नाही. ठिपके दिसत राहावेत म्हणून नुसता क्लिअर लॅकर मारला आहे.